एडनाच्या हाका

एडना मॉसपला कुत्री कधीच आवडली नाहीत. हे ती स्वतःच सांगायची, आणि तेही दोन्ही हातांत एकेक कुत्रं धरून, घोट्यापर्यंत चिखलात उभी राहून. "कुत्री क्लिफर्डची. मी नुसती हमाल," असं तिचं म्हणणं.

डोंगराखालच्या होलिनबेक गावात त्या वेळी माझं किराणाचं दुकान होतं. दाराबाहेर पेट्रोलचा एक पंप, आत डाक तिकिटांपासून रबरी बुटांपर्यंत सगळं. दुकानाच्या खिडकीतून डोंगरावर जाणारी वाट सरळ दिसायची, दोन्ही बाजूंनी दगडी गडगे असलेली. रोज सकाळी एडना दोन कुत्र्यांबरोबर त्या वाटेनं वर जाताना दिसे, आणि काही वेळानं रिकाम्या दोऱ्या हातात घेऊन एकटीच खाली येताना. मग ती दारात यायची. "विल्फ, इकडनं गेली का रे ती?"

"कोण?"

"राजेरजवाडे! कोण काय विचारतोस!"

मी बहुतेक वेळा नाही म्हणत असे. कधीकधी मात्र कुत्री खरंच दुकानामागे, कचऱ्याच्या डब्यात डोकं घालून उभी असायची.

एडना आमच्या खोऱ्यातल्या शाळेत स्वयंपाकीण होती. जवळजवळ सगळ्या गावानं लहानपणी तिच्या हातचं खाल्लेलं. ठेचलेले बटाटे, शिजून शिजून पांढरा पडलेला कोबी, आणि वर कोमट पिवळं कस्टर्ड. तिनं डाव नुसता टेबलावर आपटला की अख्खी शाळा चिडीचूप व्हायची. त्यामुळे ती मुलं मोठी झाली, बाप झाली, टकली झाली, तरी तिला 'मिसेस मॉसप'च म्हणायची आणि ती समोर आली की हात खिशातून बाहेर काढायची. मी शेजारच्या खोऱ्यातला, तिचा कोबी माझ्या वाट्याला आला नव्हता, म्हणून मी तिला एडना म्हणू शकत होतो. अशा बाईचं दोन कुत्री ऐकत नाहीत, हे तिला पचणं शक्यच नव्हतं.

तिचा नवरा क्लिफर्ड पाटीच्या दगडाच्या खाणीत कामाला होता. माणूस शांत, पण हाउंड शर्यतीचं वेड डोक्यात भिनलेलं. आमच्याकडे ही शर्यत म्हणजे उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा उत्सव. एक माणूस बडीशेपेच्या तेलात भिजवलेलं फडकं ओढत डोंगरांवरून मोठी फेरी मारून येतो, आणि मग हाउंड, म्हणजे वासावर धावणारी शिकारी कुत्री, सोडतात ती त्या वासावर उधळतात. शेवटच्या रेषेवर मालक खाण्याचे डबे बडवत, शिट्ट्या मारत, गळे फोडत उभे. क्लिफर्डचे दोन हाउंड होते. बगलर हा नर, नावाप्रमाणे बिगुलासारखा आवाज असलेला. काउंटेस ही मादी, अंगानं सडपातळ आणि वागायला सरदारघराण्यातली. दोघांनी कधीकाळी कप जिंकले होते. वय झालं तशी क्लिफर्डनं त्यांना मागच्या खोपटातून काढून घरात, शेकोटीपुढं आणलं. एडना म्हणाली, "आणा. मीच जाते खोपटात राहायला."

आणि मग ऑपरेशन करून क्लिफर्डचा कमरेचा सांधा बदलायची पाळी आली. डॉक्टरनं सांगितलं, कित्येक महिने घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. कुत्री आली एडनाच्या गळ्यात.

आता हा प्राणी कसा, तर आयुष्यभर एकच शिकलेला: सुटायचं, डोंगर पालथे घालायचे आणि आपल्या सोयीनं परत यायचं. पेन्शनीत निघालेल्या फौजदारासारखं त्यांचं होतं, नोकरी गेली तरी गस्त सुटली नव्हती. एडना दोऱ्या लावून न्यायची, पण डोंगरवाटेवर दर थोड्या अंतरावर गडग्यावरून चढायच्या दगडी पायऱ्या, अरुंद फाटकं. तिथं दोरी एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायची म्हटली की तेवढ्यात एकजण निसटायचा. दुसरा मग ओढून ओढून हात खांद्यातून काढायचा.

क्लिफर्ड दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायचा, ती तलावापलीकडं ऐकू जायची, आणि तीवर कुत्री निदान विचार तरी करायची. एडनाला शिट्टी येत नव्हती. पहिल्याच आठवड्यात तिनं प्रयत्न करून पाहिला, तर वरची कवळी सुटून गवतात पडली. काउंटेसनं ती तत्परतेनं उचलली आणि टेकडीपार नेली. संध्याकाळी ती परत मिळाली खरी, पण तोवर एडनाला जेवणात नुसतं सूप घ्यावं लागलं, आणि त्या दिवशी तिनं क्लिफर्डला काय काय ऐकवलं ते कवळी नसल्यामुळे कुणाला नीट कळलं नाही.

क्लिफर्ड वरच्या खिडकीत दुर्बीण घेऊन बसलेला असायचा. एडना घामाघूम होऊन दारातून आत आली की वरून आवाज यायचा, "अगं, तू उलट्या बाजूला गेलीस! ती ओढ्याच्या अंगानं वर चढली. मला इथनं स्पष्ट दिसत होती."

"मग खिडकीतनं उडी मारून सांगायचं होतंस!"

"आणि तू 'बगलर, बगलर' असं का ओरडतेस? शेवटच्या अक्षराला आवाज चढवायचा. 'बगलऽऽर!' असं."

"क्लिफर्ड, खाली ये आणि तूच काय ते चढव."

"मला परवानगी नाही," क्लिफर्ड समाधानानं म्हणायचा.

एडनाच्या हाका ही गावाची सवय होऊन गेली. पाद्रीबाबांच्या स्वयंपाकघरातून बगलरला शेपटी धरून काढावं लागलं. एका लग्नाच्या चहापानात काउंटेस सगळ्यांच्या आधी पोहोचली आणि हॅमची थाळी चाटून ठेवली. वधूच्या आईनं नंतर बरेच दिवस एडनाशी बोलणं टाकलं. एडना म्हणाली, "बरं झालं. तेवढंच एक माणूस कमी झालं, ज्याची रोज माफी मागायची."

एप्रिल लागला आणि गंमत संपली. मेंढ्या व्यायला लागल्या. आमच्या वाटेच्या दोन्ही बाजूंची कुरणं आयझॅक रेल्फची. आयझॅक चाळिशीचा, उंच, कमी बोलणारा. त्या दिवसांत तो चोवीस तास मेंढ्यांत असायचा, दाढी वाढलेली, डोळे लाल. गाभण मेंढीच्या मागे कुत्रं नुसतं धावलं तरी ती गाभ टाकते. त्यामुळे आमच्याकडे मेंढ्यांत मोकळं कुत्रं दिसलं तर शेतकरी त्याला गोळी घालू शकतो, आणि कुणी त्याला दोष देत नाही.

एका सकाळी काउंटेस त्याच्या खालच्या कुरणातून आरामात चालत जाताना त्याला दिसली. मेंढ्यांकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नव्हतं, पण मेंढ्यांना ते कसं कळणार? सगळ्या कोपऱ्यात जाऊन एकमेकींवर चढल्या. एडना धापा टाकत फाटकाशी पोहोचली, तेव्हा आयझॅक कोटाच्या आत एक ओलं कोकरू धरून उभा होता.

"मिसेस मॉसप," तो म्हणाला, "यापुढं ही जनावरं इथं मोकळी दिसली, तर मी बंदूक काढणार. आधीच सांगून ठेवतो."

"बंदूक?" एडनाचा आवाज चढला. "आयझॅक रेल्फ, तुझ्या खिशांत लपवलेला कोबी मी काढलाय! मला बंदूक दाखवतोस?"

"कोबीचा इथं काय संबंध?"

"संबंध हा की तू तेव्हाही हट्टी होतास."

"मिसेस मॉसप, ही माझी वर्षाची भाकर आहे." त्यानं कोटातलं कोकरू दाखवलं. "तुमची कुत्री तुम्हाला आवरत नसतील तर घरात ठेवा."

तो खरं बोलत होता, हे एडनाला कळत होतं. ती दुकानात आली आणि तिनं माझ्याकडची सगळ्यात जाड दोरी मागितली. "बैल बांधायचाय?" मी विचारलं.

"बैल असता तर बरं झालं असतं. बैल निदान दमतो तरी."

मग काही दिवस ती जाड दोऱ्या कमरेला बांधून जायला लागली. आता कुत्री सुटायची नाहीत, एडनाच ओढली जायची. एकदा तर बगलरनं तिला नेचांच्या दाटीतून फरफटत नेलं.

त्यानंतरच्या आठवड्यात एके सकाळी धुकं इतकं खाली उतरलं की मला माझा पंप दिसेना. असल्या दिवशी कुणी फिरायला जात नाही. पण हाउंडला धुकं कळत नाही, त्याला किती वाजले ते कळतं. घरात भुंकून भुंकून त्यांनी क्लिफर्डची दुर्बीण टेबलावरून पाडली, तेव्हा एडना त्यांना घेऊन निघाली. वरच्या पायऱ्यांपाशी चढण्यासाठी तिनं कमरेची एक दोरी सोडून हातात घेतली. तेवढ्यात समोरून कोल्हा गेला असावा. तिला काही दिसलं नाही, फक्त हाताला हिसका बसला आणि बगलर दोरीसकट धुक्यात गडप झाला.

त्याचा बिगुल वाजत वाजत कड्याच्या दिशेला चढत गेला. मेंढ्यांच्या बाजूला नाही, एवढंच तिचं नशीब. मग तो आवाज एकाएकी बदलला. पोटातून, जमिनीखालून आल्यासारखा येऊ लागला.

कड्याखाली मोठमोठ्या दगडांचा ढीग पसरलेला आहे. दगडांच्या सांदीफटींत कोल्ह्यांची घरं. आत गेलेलं कुत्रं अडकतं, आणि कित्येकदा अडकलेलं राहतं. बगलरच्या मागे तर लांब दोरी लोंबत होती.

एडना काउंटेसला ओढत खाली आली ती थेट दुकानात. केस ओले, एक बूट गाळात गेलेला. "विल्फ, पहार आहे?"

मी पहार घेतली. "पण एडना, ते दगड आपल्या दोघांच्यानं हलणार नाहीत. साखळी आणि कप्पी लागेल. ती आयझॅककडं आहे."

"त्याच्याकडं? मी मेले तरी जाणार नाही."

पहार हातात घेऊन मी उभाच राहिलो. ती दारापर्यंत गेली, थांबली, आणि वळून सरळ रेल्फांच्या घराकडे चालू लागली. मी मागोमाग.

आयझॅक रात्रभर मेंढ्यांत जागून नुकताच नाश्त्याला बसला होता. एका पायात बूट असलेली एडना स्वयंपाकघराच्या दारात पाहून त्याचा काटा हवेतच राहिला.

"मेंढ्यांत गेला?" त्यानं विचारलं.

"नाही. दगडांत. कड्याखालच्या."

आयझॅकनं ताटाकडे एकदा पाहिलं आणि काटा खाली ठेवला. "थेल्मा," तो बायकोला म्हणाला, "माझे बूट. आणि मिसेस मॉसपना तुझे दे एक जोड."

काउंटेसला बरोबर घेऊन आम्ही वर गेलो. वाटेत खाणीतले क्लिफर्डचे दोन जुने सोबती मिळाले. ते दगडात जन्म काढलेले, न सांगता निघाले. दगडांवर कान लावला की बगलरचा आवाज येत होता. आयझॅकनं साखळी बांधली, खाणवाल्यांनी पहारी लावल्या, आणि एकेक दगड बाजूला व्हायला लागला. आयझॅकचं तोंड मात्र चालूच होतं. "बाहेर काढतो याला. आधी बाहेर काढतो आणि मग गोळी घालतो. माझ्या दोन मेंढ्या तिकडं वेणा देतायत आणि मी इथं कुत्रं उकरतोय!"

"तू जा ना मग!" एडना म्हणाली. "कुणी बांधून ठेवलंय?"

"तुम्ही गप्प बसा आणि तो दगड धरा."

तिनं खरंच दगड धरला. आयुष्यात तिला कुणी गप्प बस म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. दगड धरून ती खालच्या भोकाकडे वाकून ओरडत होती, "बगलऽऽर! बाहेर ये, मूर्खा! सगळी माणसं खोळंबलीत!"

मग आवाज थांबला.

आधी आम्हाला वाटलं, दम खातोय. आम्ही कान लावून बसलो. धुक्यातून फक्त कुठं तरी पाणी ठिबकत होतं. खाणवाल्यांपैकी एकानं टोपी काढली आणि दुसऱ्यानं त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं, तशी ती परत घातली.

एडना दगडावर बसली. "क्लिफर्डला काय सांगू मी?" एवढंच म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे फार विचित्र वाटला.

"काही सांगायचं नाही अजून," आयझॅक म्हणाला. "अजून खणतोय आपण." आणि त्यानं पहार अशी मारली की ठिणग्या उडाल्या. त्यानंतर त्यानं एकही शिवी दिली नाही. तळहात फुटले तरी थांबला नाही. थेल्मा चहाची किटली आणि बेकनचे पाव घेऊन वर आली, एका मेंढीला जुळी झाली असं सांगितलं, तर त्यानं पुढच्या दगडाखाली पहार घातली. पाव एका दगडावर ठेवलेले. आम्ही वळून पाहिलं तेव्हा ते नव्हते, आणि कुंपणाच्या खांबाला बांधलेली काउंटेस मिशा चाटत होती. तिच्यावर रागवायचंही कुणाच्या मनात आलं नाही.

दुपार होत आली असेल. खालून, धुक्यातून, एक शिट्टी आली. लांब, चढत जाणारी, दोन बोटांची.

सगळ्यांचे हात थांबले. एडना ताडकन उठली. "हा घराबाहेर पडला?"

ती ज्या वेगानं उतरली तो पाहून काउंटेसही चकित झाली. वाटेच्या तोंडाशी, दोन कुबड्यांवर, अंगात झोपायचा सदरा आणि वर कोट, अशा अवतारात क्लिफर्ड उभा होता. त्याच्या पायाशी बगलर. नाक खरचटलेलं, गळ्यात अर्धी कुरतडलेली दोरी, आणि चेहऱ्यावर काहीही झालं नसल्याचा भाव.

"केव्हापासून सांगायचा प्रयत्न करतोय!" क्लिफर्ड ओरडला. "हा केव्हाच घरी आलाय! कड्याकडनं तुमच्या पहारींचे आवाज आले, तेव्हाच कळलं कुठं खणताय ते. ढिगाच्या खालच्या अंगाला दुसरं भोक असणार. माझा नाश्ता खाल्ला आणि माझ्या खुर्चीत झोपला. दुकानात फोन केला, कुणी नाही. रेल्फांकडं केला, कुणी नाही. खिडकीतनं चादर हलवली—"

"धुक्यात? चादर? पांढरी?"

"घरात होती ती हलवली!"

"आणि कमरेचं काय? डॉक्टर काय म्हणाला होता? घरात एक जनावर परत आलं तर दुसरं निघालं बाहेर भटकायला!" एडना इतकी संतापली होती की तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तेही तिनं रागानंच पुसलं.

मागून आयझॅक आला. हात रक्ताळलेले, अंगावर चिखलाचा लेप. बगलरनं त्याला ओळख दाखवून शेपूट हलवली. आयझॅकनं खांद्यावरची पहार खाली टाकली.

"मिसेस मॉसप," तो म्हणाला, "याला गोळी घालायचीसुद्धा ताकद उरली नाही माझ्यात." आणि तो आपल्या जुळ्या कोकरांकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी एडनानं मटण-बटाट्याचं भलंमोठं भांडं शिजवून रेल्फांच्या दारात ठेवलं. आभार मानले नाहीत, तो तिचा स्वभावच नव्हता. आयझॅकनंही मन मोकळं वगैरे केलं नाही. भांडं परत द्यायला आला तेव्हा म्हणाला, "वरचं गडग्याचं कुरण जूनपर्यंत रिकामं असतं. तिथं सोडा त्यांना. गडगा उंच आहे, पळणार नाहीत." तिसऱ्या दिवशी बगलरनं गडग्यातला ढासळलेला कोपरा हुडकून काढला. आयझॅकनं तो बांधला, मग त्यानं दुसरा हुडकला. त्या वर्षी आयझॅकचे सगळे गडगे दुरुस्त झाले, आणि लोकर कातरायच्या दिवसांत त्याच्या माणसांना एडनाच्या हातचं जेवण मिळालं. जेवणात कोबी होता. सगळ्यांनी तो संपवला.

क्लिफर्डची कंबर त्या चालण्यानं महिनाभर मागे गेली, पण शरद ऋतूत तो काठी घेऊन हिंडायला लागला. मग दोघं मिळून कुत्र्यांना न्यायची. तो शिट्टी मारायचा, ती हाका मारायची, आणि कोणामुळे कुत्री परत आली यावर घरी येईपर्यंत भांडण.

पुढं तीन-चार वर्षांनी बगलर शेकोटीपुढं झोपेतच गेला. काउंटेस एकटी उरली. आणि तिनं भटकणंच सोडलं. दोरी लावली नाही तरी एडनाच्या टाचेला टाच लावून चालायची. फाटक उघडं असलं तरी थांबायची. समोरून ससा गेला तर बघायची आणि परत एडनाच्या तोंडाकडे पाहायची.

"आता ऐकते की तुझं," मी एकदा म्हणालो. "हेच हवं होतं ना तुला?"

"मला राग येतो तिचा," एडना म्हणाली. "नुसती मागं मागं. काही वाटतच नाही तिला कशाचं."

त्यानंतर मी खिडकीतून पाहायचो. ती पायऱ्यांपाशी थांबून दोरी सोडायची, हातानं डोंगर दाखवायची, चिडून काहीतरी बोलायची. "जा ना!" असेल बहुतेक. काउंटेस जागची हलायची नाही. मग एक दिवस एडनानं वाट सोडली. सत्तरीची बाई गडग्याच्या फटीतून वाकून पलीकडे गेली, नेचांच्या दाटीत शिरली, वाकून जमिनीवर काहीतरी हुंगल्यासारखं करत चालली. काउंटेस जरा वेळ वाटेवर उभी राहिली. मग तिनं नाक खाली घातलं आणि हळूहळू तिच्या मागे गेली.

"मिसेस मॉसप!" खालून आयझॅक ट्रॅक्टर थांबवून ओरडला. "तिकडं दलदल आहे! वाट इकडं!"

"ठाऊक आहे मला!" वरून उत्तर आलं. "तू आपलं काम कर!"